उत्तरापोशन

दर गुरुवारी दुपारी वाईत आमच्या घरी गीतेचा वर्ग भरतो. येणाऱ्या बहुतेकजणी पन्नाशी ओलांडलेल्या. कुणी नातवंडाला झोपवून येते, कुणी शेतावर भाकरी पोचवून येते, कुणी पतसंस्थेतली नोकरी संपवून आता मोकळी झालेली. मध्यंतरी सहावा अध्याय चालू होता आणि आम्ही सोळाव्या-सतराव्या श्लोकापाशी आलो होतो. फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि काहीच न खाणाऱ्यालाही साधत नाही. फार झोपणाऱ्याला नाही, सदा जागणाऱ्याला नाही. ज्याचं खाणंपिणं, हिंडणंफिरणं, काम आणि झोप मापात आहे, त्याचंच दुःख योगाने हटतं, असा त्या दोन श्लोकांचा भाव. मी अर्थ सांगून थांबले, तर मागच्या सतरंजीवरून एकीने विचारलं, “बाई, राग मानू नका. तुम्ही दीड-दोन वर्षांत एवढं वजन उतरवलंत. रोज चालता, बेताने जेवता, गोड वाढलं तर बाजूला काढता. पण देह तर जायचाच आहे. त्याच्याकडे इतकं लक्ष पुरवणं ही आसक्तीच नाही का?”

प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. देह नाशवंत आहे हे आपण भजनात म्हणतो, कीर्तनात ऐकतो, आणि स्मशानातून परतताना तर ते पुरतं पटलेलं असतं. मग साठी उलटलेल्या, नवरा गेलेल्या, शाळेतून संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईने पहाटे उठून मेणवलीच्या रस्त्याने चालत सुटावं, भात वाढून घेताना हात आखडावा, याला अध्यात्मात जागा कुठे? त्या दिवशी मी चार वाक्यांत उत्तर दिलं. पण माझ्या मनातलं सगळं त्यात आलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते आहे. मला वाटतं, या गोष्टीला अध्यात्मात जागा आहे आणि ती गीतेनेच करून दिली आहे. फक्त ती आपल्या घरांत, त्यातही बायकांच्या वाट्याला, कधी नीट आली नाही.

आधी एक सांगून टाकते. जाडेपणा हे पाप नाही. आमच्या वाईत कृष्णेच्या घाटावर ढोल्या गणपती बसला आहे. गणपतराव भिकाजी रास्त्यांनी १७६२ साली बांधलेलं ते देऊळ. पुराचं पाणी फुटावं म्हणून मागची भिंत माशासारखी निमुळती केलेली. आत एकाच दगडातली भलीमोठी मूर्ती. सारं गाव त्या देवाला प्रेमाने ढोल्या म्हणतं, आणि त्याचं पोट पाहून कुणाच्या मनात उणा विचार येत नाही. ज्या धर्मात लंबोदराची पूजा सर्वांत आधी होते, त्या धर्मात कुणा बाईला तिच्या अंगावरून हिणवायचा अधिकार कुणालाच नाही. चरकानेही सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात लोक ज्यांना नावं ठेवतात अशा आठ प्रकारच्या देहांची यादी दिली आहे. अति उंच, अति बुटका, अति काळा, अति गोरा, अति केसाळ, केस नसलेला, अति स्थूल आणि अति कृश. त्यांतल्या शेवटच्या दोघांनाच त्याने उपचार सांगितले, कारण बाकीच्यांना त्रास लोकांच्या नजरेचा, या दोघांना खुद्द शरीराचा. स्थूलपणाची कारणं सांगताना तो जड आणि गोड अन्नाचा अतिरेक सांगतो, व्यायाम नसणं सांगतो, दिवसाची झोप सांगतो, आणि आईबापांकडून आलेलं बीजही सांगतो. त्या यादीत पाप कुठेच नाही. वैद्याची नजर अशी स्वच्छ असते. आपलीही असावी.

मला वैद्याकडे जायला कारण होतं. दोन्ही गुडघे. गणपती घाटाच्या पायऱ्या उतरताना कठड्याला धरावं लागायचं, आणि आरतीला उभं राहिलं की पहिल्या कडव्यापासून मन गुडघ्यात. साखरही काठावर आलेली. डॉक्टर समजूतदार होते. ते म्हणाले, एक किलो वजन उतरलं तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार हलका होतो. दुसरं त्यांनी सांगितलं ते मला अजून धीर देतं. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून जास्त लोकांचा मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००२ साली आले. वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालण्याएवढा व्यायाम करायचा, एवढंच उद्दिष्ट दिलेलं. तेवढ्याने मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, आणि साठीच्या पुढच्यांमध्ये तर ७१ टक्क्यांनी. म्हाताऱ्यांना सगळ्यांत जास्त फायदा झाला. सत्तर किलोंच्या बाईला सात टक्के म्हणजे पाचच किलो. मापात राहण्याचं फळ किती मोठं असतं, ते त्या आकड्यांत मला दिसलं.

आपल्या लोकांना तर हे माप लवकर सांभाळायला हवं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधले डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारीशेजारी उभा असलेला फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा एकच, २२.३. पण युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या २१.२ टक्के. वरून सडपातळ दिसणाऱ्या आपल्या देहात चरबी लपून असते, म्हणून भारतीयांसाठी जादा वजनाची रेघ २५ वरून २३ वर आणली आहे. “माझं काय, मी कुठे जाड आहे” असं वर्गातल्या ज्या म्हणतात, त्यांना मी हा फोटो दाखवते.

आता आसक्तीकडे वळते. देहाकडे लक्ष देणं म्हणजे देहात अडकणं, हे मला मान्य नाही. दुखणारा देहच माणसाला सगळ्यांत जास्त अडकवतो. जपाला बसावं तर मांडी घालता येत नाही, पारायणाला बसावं तर जेवणानंतर डोळे मिटतात. ज्याला देह विसरायचा आहे, त्याने तो आधी विसरण्याजोगा करायला हवा.

या बाबतीत मला बौद्ध परंपरेतली एक गोष्ट सगळ्यांत जवळची वाटते. संयुत्त निकायात ती आहे. कोसलचा राजा प्रसेनजित, पालीत पसेनदी, द्रोणभर, म्हणजे त्या काळच्या भल्यामोठ्या मापाने, भात जेवायचा. असाच एकदा जेवून, धापा टाकत तो श्रावस्तीला भगवान बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी त्याची अवस्था ओळखली. देह नाशवंत आहे, त्याची काय पर्वा, असं ते म्हणाले नाहीत. भोगाबद्दल त्याची कानउघाडणीही केली नाही. त्यांनी एकच गाथा म्हटली. जो सावध असतो आणि जेवणाची मात्रा जाणतो, त्याच्या वेदना कमी होतात आणि तो सावकाश म्हातारा होतो, असा तिचा भाव. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजाने त्याला सांगितलं, ही गाथा पाठ कर आणि माझं जेवण चालू असताना म्हणत जा, रोज शंभर कार्षापण देईन. हळूहळू राजा द्रोणावरून नाळीभर, म्हणजे छोट्या मापाच्या, भातावर आला. पुढे एकदा, अंग हलकं झालेलं असताना, तो स्वतःच्या अंगावरून हात फिरवत म्हणाला की भगवानांनी माझ्यावर दोन्हीकडून कृपा केली, या लोकासाठीही आणि परलोकासाठीही.

राजाचा तो हात मला फार महत्त्वाचा वाटतो. त्याने स्वतःचं अंग तिरस्काराने चिमटीत धरून पाहिलं नाही. गाथा केव्हा म्हणायची याचीही मला मोठी गंमत वाटते, आणि आदरही. आपल्याकडचे भोजनाचे श्लोक जेवणाआधी म्हणायचे असतात. भूक लागलेली असते, अन्न समोर असतं, तेव्हा कृतज्ञ होणं सोपं. माणूस घसरतो तो मध्यावर, भूक भागल्यावर जेव्हा वाढपी पुन्हा समोर येतो तेव्हा. राजाला ते कळलं होतं. त्याने आठवण नेमकी तिथे बसवली.

आपल्या घरांतलं व्रत मात्र दोन टोकांवर उभं आहे. एका टोकाला उपवास, दुसऱ्या टोकाला मेजवानी. वर्षाच्या चोवीस एकादश्या, महिन्याच्या संकष्ट्या, श्रावणी सोमवार, नवरात्र. मी स्वतः यांतलं पुष्कळ केलं आहे आणि मला त्यांच्याबद्दल आदर आहे. आषाढीला आमच्या घरी अजूनही चूल जवळजवळ थंड असते. पण उपवासाच्या दिवशी बाई जे खाते ते पाहा. साबुदाण्याची खिचडी म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वर दाण्याचं कूट आणि तूप. शंभर ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साडेतीनशे कॅलरी, तेवढ्याच दाण्यात साडेपाचशेच्या वर. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, दाणे, बटाटा, रताळं, मिरची, ही सगळी मंडळी पोर्तुगीज आल्यानंतर अमेरिकेतून इकडे आली. ज्या ऋषींच्या नावाने आपण हा उपवास करतो, त्यांनी यातलं काही पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि संकष्टीला चंद्रोदय झाला की दिवसभराची भूक एका पानावर येऊन बसते. मोदक, तूप, भात. दिवसभर न खाणं आणि रात्री नऊला पोट फुटेस्तोवर खाणं, या दोन्हींमध्ये जी जागा आहे ती आपल्याला कुणी शिकवलीच नाही.

ती जागा जैनांनी मोठ्या नेटाने सांभाळली. माझी सांगलीची मैत्रीण जैन आहे. तिच्यामुळे मला ऊनोदरी कळली. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात बाह्य तपं सहा सांगितली आहेत. पहिलं अनशन, म्हणजे न खाणं. लगेच दुसरं अवमौदर्य, म्हणजे भुकेपेक्षा कमी खाणं; त्यालाच ऊनोदरी म्हणतात. पुरुषाचा पूर्ण आहार बत्तीस घासांचा धरतात, त्यातला एक घास कमी केला तरी ते तप सुरू झालं. मैत्रीण म्हणते, पर्युषणातला उपवास मला जमतो, ऊनोदरी जमत नाही. तिचं म्हणणं मला अगदी पटतं. उपवासाला कुंपण असतं. आज खायचं नाही, विषय संपला. घरच्यांना माहीत असतं, शेजारणी कौतुक करतात. ऊनोदरीला रोज, दोन्ही वेळा, आवडीची भाजी समोर असताना स्वतःच थांबायचं असतं आणि त्याचं कौतुक कुणी करत नाही, कारण कुणाला कळतच नाही. म्हणून मी तिला उपवासापेक्षा मोठं तप मानते. उपवासाने अहंकार सुकतो असं म्हणतात. पुष्कळदा तो पोसलाही जातो. दोन घास आधी उठण्याने पोसण्याजोगं काही उरत नाही.

वर्गात मला खरं तर ज्याविषयी बोलायचं होतं, ते माझ्या सासऱ्यांचं जेवण. ते जुन्या वळणाचे. सोवळं नेसून पाटावर बसायचे. पानाभोवती पाणी फिरवायचं, उजव्या बाजूला चित्राहुती घालायच्या, तळहातावर पळीभर पाणी घेऊन आपोशन, मग पाच प्राणाहुती, आणि मग पहिला घास. जेवण होत आलं की ताक-भात, आणि शेवटी पुन्हा तळहातावर पाणी घेऊन उत्तरापोशन. तो घोट घेतला की संपलं. त्यानंतर सासूबाईंनी पुरणपोळी समोर धरली तरी ते पानाकडे पाहायचे नाहीत, आणि सासूबाईही कधी धरायच्या नाहीत. घरातल्या कोणाचाही आग्रह त्या घोटापलीकडे जाऊ शकत नव्हता. सासरे ऐंशीच्या पुढे जगले, शेवटपर्यंत काटक.

सासूबाईंचं जेवण मी तितकंच जवळून पाहिलं. त्यांच्या जेवणाला सुरुवात नव्हती आणि शेवटही नव्हता. सकाळी चहाबरोबर रात्रीची उरलेली पोळी, ती वाया जाऊ नये म्हणून. आमटीची चव पाहताना वाटीभर आमटी. मुलांच्या ताटात उरलेला वरणभात, अन्न टाकू नये म्हणून. सगळे जेवल्यावर पातेल्याच्या तळाशी राहिलेली भाजी, पातेलं घासायला टाकायचं म्हणून. मग दुपारी दोन-अडीचला त्या म्हणायच्या, आता काही खायला नको, आणि कोपऱ्यात बसून अर्धी भाकरी ताकात कुस्करून खायच्या. कुणी त्यांना सांगितलं असतं की तुम्ही जास्त जेवता, तर त्यांना खरोखर धक्का बसला असता. त्या जेवल्या अशा कधी नव्हत्याच. त्या जाड होत्या, त्यांना साखर होती, त्यांचे गुडघे माझ्याआधी गेले. आणि एकादशी त्यांनी एकही चुकवली नाही.

घरातल्या पुरुषाला धर्माने जेवणाचा आरंभ आणि अंत दिला. बाईला उपवास दिला आणि उष्टं संपवायची जबाबदारी दिली. गीतेतला मापातला आहार, ज्याचं ताट आखलेलं आहे त्यालाच पाळता येतो. जिचं जेवण सकाळपासून रात्रीपर्यंत पातेल्यापातेल्यांत सांडलेलं आहे, तिने माप कशाला लावायचं? म्हणून मी वर्गातल्या बायकांना आधी कॅलरी सांगत नाही. आधी पाट मांडा म्हणते.

माझ्या पुरतं मी तेच केलं. स्वतःचं ताट स्वतःसाठी वाढून घ्यायचं, बसून जेवायचं, दिवसातून दोनदा, आणि मध्ये तोंडात काही टाकायचं नाही. चव पाहायची तर चमच्याच्या टोकाने. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारातून डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी दोन वेळा जेवणाची पद्धत घराघरांत नेली, ती बहुतेक मराठी वाचकांना ठाऊक आहे. मला त्यात नवल वाटलं नाही, कारण महाभारताच्या शांतिपर्वात हेच आहे. माणसांसाठी देवांनी सकाळ आणि संध्याकाळ अशी दोन जेवणं नेमली, आणि मधल्या वेळी जो खात नाही त्याला रोज जेवूनही उपवासी म्हणावं, असं तिथे भीष्म सांगतात. रोज जेवून उपवासाचं पुण्य मिळवायची ही वाट किती सुटसुटीत आहे! मात्र साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. वर्गात मी हे दर वेळी बजावते.

ताटात अर्धा भाग भाजी आणि कोशिंबीर. पाव भाग उसळ, मुगाची आमटी नाहीतर कुळथाचं पिठलं. उरलेल्या पाव भागात ज्वारीची एक भाकरी किंवा मूठभर भात. वर एक छोटा चमचा तूप, आणि शेवटी पातळ ताक. कुळीथ, मूग, सातू आणि ताक ही चरकानेही स्थूल माणसाला सांगितलेली पथ्याचीच नावं, आणि ती आमच्या सातारा जिल्ह्यात गरिबाच्या घरातही मिळतात. ताक झालं की मी तळहातावर पळीभर पाणी घेते. मंत्र म्हणते. बाईने आपोशन घ्यावं की नाही, यावर शास्त्र काय म्हणतं ते मला एका वयस्कर गृहस्थांनी समजावून सांगितलं. मी शांतपणे ऐकून घेतलं आणि आपोशन घेतेच आहे. त्या घोटानंतर मी खात नाही. मनाशी हुज्जत घालावी लागत नाही.

चालणं सूर्योदयाआधी. मेणवलीच्या रस्त्याला ऊस संपून वाडे दिसू लागले की परत फिरते. सुरुवातीला निम्म्यातूनच फिरायचे. आपले जुने वैद्य व्यायाम अर्ध्या शक्तीने करायला सांगतात, कपाळाला घाम आला आणि तोंडाने श्वास सुरू झाला की थांबायचं. आणि चरक स्थूल माणसाला व्यायाम क्रमाक्रमाने वाढवायला सांगतो. याने गुडघे सांभाळले गेले. पुढे सूर्यनमस्कार सुरू केले. आमच्याच जिल्ह्याच्या कडेला औंध संस्थान होतं; तिथल्या भवानराव पंतप्रतिनिधींनी संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते आणि स्वतः उतारवयातही ते रोज घालत. साठीनंतर नुसतं वजन उतरवलं तर चरबीबरोबर स्नायूही जातात, म्हणून जोर लागेल असा व्यायाम हवाच. ज्यांना जमिनीवर हात टेकता येत नाहीत त्या वर्गातल्या दोघीतिघी भिंतीला हात टेकून जोर काढतात आणि खुर्चीवरून हात न लावता उठबस करतात. तेही चालतं.

माझी पुण्यातली भाची याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. चोविशीची मुलगी, अंगावर मुळात मांस नाही, आणि मोबाइलवर प्रत्येक बिस्किटाचा हिशेब. आरशासमोर उभी राहून दंडाला चिमटे काढते. तिला मी सतराव्या अध्यायातले पाचवा आणि सहावा श्लोक वाचून दाखवले. दंभाने आणि हट्टाने घोर तप करणारे लोक शरीरातल्या भूतांना सुकवतात आणि आत राहणाऱ्या मलाही पिडतात, असं तिथे भगवंत म्हणतात, आणि अशांना ते आसुरी म्हणतात. आत कोण राहतं हे एकदा मानलं, तर देहाशी भांडता येत नाही. ती ऐकून गप्प बसली. पटलं की नाही ते मी विचारलेलं नाही. तिच्या वयाला जगाचा मारा फार आहे, आणि एका श्लोकाने तो थोपत नाही. पण रविवारी फोनवर आता ती काय जेवली ते सांगते, किती कॅलरी ते सांगत नाही.

वर्गात सगळ्यांत जास्त वाद झाला तो अन्न टाकण्यावरून. “बाई, पोराच्या ताटातलं टाकायचं मग? अन्नाला देव मानायचं आणि उकिरड्यावर फेकायचं?” तैत्तिरीय उपनिषदात अन्नाची निंदा करू नये, अन्नाला झिडकारू नये, अन्न वाढवावं, अशी व्रतंच सांगितली आहेत, आणि ती मला शिरसावंद्य आहेत. माण-खटावच्या दुष्काळाच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या बायकांना अन्न टाकायला मी कशी सांगेन? पण आपल्या शास्त्राने यावर उपाय करून ठेवला होता. वैश्वदेवात आधी देव, भूतं, अतिथी, गाय, कावळा यांचा वाटा काढायचा आणि मग घरच्यांनी बसायचं. द्यायचं ते जेवणाआधी, चांगलं असताना द्यायचं. आपण क्रम उलटा केला. आधी आपण जेवतो, मग उरलेलं कुणाला द्यायचं ते शोधतो, आणि कुणी सापडलं नाही की आईच्या पोटात ढकलतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात, जे केवळ स्वतःसाठी शिजवतात ते पाप खातात, असं म्हटलं आहे. माझ्या शेजारच्या खोलीत कॉलेजसाठी खेड्यातून आलेली एक मुलगी राहते. भाजी झाली की तिचा डबा मी आधी भरते, मग माझं ताट घेते. मुलांना ताटात कमी वाढा आणि दुसऱ्यांदा मागू द्या, हे तर कुठल्याही आजीला सांगायला नको. एवढं केल्यावर उरतं ते इतकं थोडं असतं, की पक्ष्यांना पुरतं.

आणि प्रसाद? आमच्या वाईत हिवाळा सरला की कृष्णाबाईचा उत्सव सुरू होतो. एकेका घाटाचा उत्सव, एकामागून एक. भीमकुंड, धर्मपुरी, गणपती आळी, मधली आळी, गंगापुरी, रामडोह, ब्राह्मणशाही. कीर्तनं, लळित, महाप्रसाद. महिना-दीड महिना गाव जेवत असतं. प्रसादाला नाही म्हणायचं नसतं, आणि मी म्हणतही नाही. पण प्रसादाचं पुण्य पळीच्या आकारावर ठरत नाही. वनवासात दुर्वास ऋषी शिष्यांसकट दारी आले तेव्हा द्रौपदीच्या थाळीला चिकटलेला भाजीचा एक कण श्रीकृष्णाने खाल्ला आणि सगळ्या जगाची भूक भागली, ही कथा आपणच मुलांना सांगतो. मी द्रोणातला शिरा कणभर घेते, डोक्याला लावते, तोंडात घालते. बाकीचा शेजारच्या पानावर आधीच, हात लागायच्या आत, देऊन टाकते. आग्रह करणारीला सांगते, तुझ्या हाताची चव कळली, पोट भरलं. हे मी मनापासून म्हणते.

पंगतीत मात्र एक गोष्ट मला दर वर्षी बोचते. वाढणाऱ्या बायका सकाळी सातपासून उभ्या असतात. पंगतीमागून पंगती उठतात, आणि त्या मध्येच एखादी पुरी, दोन घास जिलबी, गार झालेला मसालेभात असं उभ्यानेच तोंडात टाकत असतात. शेवटी दुपारी चारला बसतात तेव्हा जे उरलं असेल ते. सासूबाईंचं सगळं आयुष्य तिथे एका दिवसात पुन्हा घडतं, आणि तेही देवाच्या दारात. यंदा आमच्या घाटाच्या उत्सवात वाढणाऱ्या बायकांची पंगत पहिली बसवावी, असं मी उत्सवाच्या पंचांना सांगितलं आहे. बायकांनी बसून, नैवेद्य झाल्या झाल्या, गरम जेवावं, उत्तरापोशन घ्यावं, आणि मग पदर खोचून कामाला लागावं. दोघा पंचांनी होकार दिला आहे. तिसऱ्यांचं म्हणणं, त्या पंगतीला वाढणार कोण. मी त्यांना त्यांच्या मुलांची आणि जावयाची नावं दिली आहेत.